शालू वांगी, छापून विटकरी : तालुक्याच्या फोटो स्टुडिओतलं मॉनिटर कॅलिब्रेशनचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला एक फोटो स्टुडिओ. पुढे दुकान, मागे दहा बाय बारा फुटांची डिझायनिंगची खोली, वर टिनाचं छत, पश्चिमेच्या खिडकीत कूलर. लग्नसराईत इथून महिन्याला सात-आठ अल्बम नागपूरच्या लॅबला जातात आणि छापून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने परत येतात. मे महिन्यात आलेला एक अल्बम ग्राहकाने काउंटरवरच उघडला आणि तिसऱ्या शीटवर बोट ठेवलं : "भाऊ, शालू वांगी रंगाचा होता जी आमचा. हा तं विटकरी आला."

अल्बम १२ × ३६ इंची, २० शीटचा. तक्रार एकट्या शालूची नव्हती. चेहरे काळपट आणि तांबूस होते. नवरदेवाचा गडद निळा कोट काळ्यात बुडाला होता, त्याची कॉलर आणि खिसा वेगळे दिसत नव्हते. हळदीच्या शीटवर हळद नारिंगी झाली होती. मात्र पुढच्या सात-आठ शीट उलट्याच बिघडल्या होत्या : त्यांच्यात चेहरे निळसर, आजारी माणसासारखे. एकाच अल्बममध्ये दोन विरुद्ध दिशांच्या चुका, आणि या प्रकरणाचा उलगडा तिथूनच सुरू होतो.

स्टुडिओत याला ठरलेलं उत्तर होतं : लॅब डार्क छापते. म्हणून गेल्या वर्षभरात प्रत्येक शीटवर वरून एक कर्व्ह लेयर (फोटोशॉपमधला उजळ-गडद बदलणारा थर) टाकून ती उजळ करून पाठवायची सवय लागली होती. तिकडे लॅबचा ऑपरेटरही फाइल अंधारी दिसली की आपल्या अंदाजाने घनता, म्हणजे प्रिंटचा गडदपणा, कमी करत होता. दोघेही आपापल्या डोळ्याने दुरुस्ती करत होते आणि दोघांमध्ये मोजमाप कुठेच नव्हतं. अशा साखळीत एखादा अल्बम चांगला निघाला तरी तो का निघाला हे सांगता येत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी तो तसाच काढताही येत नाही.

आधी संशयित वेगळे केले

रंग बिघडण्याच्या चार जागा असतात : फाइल, मॉनिटर, लॅब आणि प्रिंट ज्या उजेडात पाहिली तो उजेड. कॅलिब्रेशनचं, म्हणजे पडदा मोजून ठरावीक मापावर आणण्याचं, यंत्र आणण्याआधी यातल्या तीन जागा फुकटात किंवा एका छोट्या प्रिंटच्या खर्चात तपासता येतात.

लॅबसाठी ८ × १२ इंचाची एक चाचणी-फाइल बनवली. वर शून्यापासून (पूर्ण काळा) २५५ पर्यंत (पूर्ण पांढरा) १६-१६ च्या टप्प्याने राखाडी चौकोनांची पट्टी, मध्ये ११९-११९-११९ चा (लाल, हिरवा, निळा तिन्ही ११९) मोठा राखाडी चौकोन, खाली लाल, हिरवा, निळा, पिवळा, जांभळा आणि दोन चेहऱ्यांचे रंग. सगळं फोटोशॉपमध्ये आकडे टाइप करून भरलेलं, डोळ्याने काहीच नाही. ११९ हा आकडा यासाठी की एसआरजीबीमध्ये, म्हणजे फोटोतल्या आकड्यांचा नेमका रंग ठरवणाऱ्या प्रचलित मानकात, तो काळ्या-पांढऱ्याच्या डोळ्याला जाणवणाऱ्या बरोबर मध्यावर येतो. फाइल एसआरजीबी प्रोफाइलसह (आकडे कोणत्या मानकाने वाचायचे ती खूण) जेपीजी करून, ऑर्डरमध्ये 'करेक्शन करू नये' असं स्पष्ट लिहून पाठवली. आलेली प्रिंट सकाळी दहा वाजता ओसरीच्या सावलीत पाहिली. राखाडी राखाडीच होता, ३२ आणि ४८ चे चौकोन वेगळे ओळखू येत होते, पांढऱ्याकडचे २२४ आणि २४० सुद्धा. लॅब निर्दोष होती.

मग फाइल. आंतरपाट धरलेले दोन फोटो, पाच मिनिटांच्या अंतराने, एकाच फ्लॅशवर काढलेले. एक चौथ्या शीटवर, दुसरा अकराव्या. कापड तेच, पांढरं. इन्फो पॅनेलमध्ये चौथ्या शीटवरचं कापड लाल २२६, हिरवा २१२, निळा १८६ निघालं. अकराव्या शीटवरचं लाल १८८, हिरवा १९८, निळा २१४. पांढऱ्या कापडात हे तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. म्हणजे एका फाइलमध्ये पिवळं-लाल ओतलं गेलं होतं, दुसरीत निळं, आणि दोन्ही फाइली होत्या त्यापेक्षा अंधाऱ्या झाल्या होत्या. लॅबने फाइलमध्ये जे होतं ते इमानाने छापलं होतं.

इथली मूळ गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण ती मनाला लवकर पटत नाही. मॉनिटरची चूक प्रिंटमध्ये उलटी होऊन उतरते. स्क्रीन गरजेपेक्षा निळी असेल तर फोटो निळा दिसतो, डिझायनर त्यात पिवळं-लाल घालतो, स्क्रीनवर तो बरा दिसू लागतो, आणि छापून येतो तेव्हा घातलेलं पिवळं-लाल तेवढं उरतं. स्क्रीन फार उजळ असेल तर तो फोटो दाबतो आणि प्रिंट काळी येते. म्हणून प्रिंट नारिंगी आली की निळ्या मॉनिटरवर संशय घ्यायचा, आणि प्रिंट काळपट आली की उजळ मॉनिटरवर.

पण मग सात-आठ शीट निळ्या का? फोल्डरमधल्या फोटोशॉपच्या पीएसडी फाइली सेव्ह झालेल्या वेळेनुसार लावल्या आणि उत्तर समोर आलं. नारिंगी शीट सगळ्या दिवसा बनलेल्या, निळ्या सगळ्या रात्री आठनंतर. विंडोजमध्ये 'नाइट लाइट' सूर्यास्त ते सूर्योदय असं लावून ठेवलेलं होतं. मे महिन्यात आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडाला की स्क्रीन आपोआप पिवळट व्हायची. बदल हळू होतो, डोळा त्याला सरावतो, बसलेल्या माणसाला कळतही नाही. लग्नसराईत खरं काम रात्रीच चालतं, त्यामुळे अल्बमचा बराच भाग पिवळ्या स्क्रीनवर बनत होता आणि त्यात निळं ओतलं जात होतं.

स्टुडिओतल्यांचा आणखी एक संशय व्होल्टेजवर होता. गावात दाब कमी-जास्त होतो, म्हणून रंग हलत असतील, असा. तो बाद करावा लागला. मॉनिटरचा पुरवठा साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणताही दाब घेतो आणि आत ठरावीक डीसी देतो. एवढ्या फरकाने पडद्याचा रंग बदलत नाही. लाइट गेल्यावर बदलतो तो खोलीतला उजेड : ट्यूब बंद, इन्व्हर्टरवरचा एक छोटा बल्ब चालू, आणि तीच स्क्रीन अचानक दुप्पट उजळ वाटू लागते.

खोली

यंत्र लावण्याआधी खोली दुरुस्त केली. हा भाग लोक गाळतात, आणि नंतर महागड्या यंत्राला दोष देतात.

भिंती पोपटी होत्या. पोपटी भिंतीवरून परतलेला उजेड हिरवट असतो. तो स्क्रीनवर पडतो आणि डोळ्यालाही हिरव्याची सवय लावतो, मग चेहऱ्यात हिरवं कमी वाटतं. मॉनिटरच्या मागची आणि डिझायनरच्या पाठीमागची अशा दोनच भिंतींना फिकट राखाडी डिस्टेंपर मारला. पाठीमागे लावलेला चमकदार लाल जाहिरात-फ्लेक्स काढून पुढच्या दुकानात नेला, कारण तो स्क्रीनमध्ये थेट दिसत होता. खिडकीतल्या कूलरच्या भोवतालच्या फटींतून दुपारी तीननंतर उन्हाची तिरीप टेबलावर यायची. फटींना पुठ्ठा ठोकला आणि टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली. कूलरचा झोत थेट मॉनिटरवर नको. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक थेंब पडद्यावर सुकून पांढरे ठिपके ठेवतात आणि गडद भागातली बारीक माहिती त्याखाली जाते. ते ठिपके डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओल्या केलेल्या मायक्रोफायबर कापडाने पुसले. पाणी कापडावर घ्यायचं, पडद्यावर मारायचं नाही. स्पिरिट किंवा काचेचा क्लीनर तर अजिबात नको, पडद्यावरचा मॅट थर त्याने जातो.

जाड पुठ्ठ्याचा, आतून काळं मखमल चिकटवलेला, मॉनिटरवरचा उजेड अडवणारा हूड बनवला : वर आणि दोन्ही बाजूंना, २० सेंटिमीटर पुढे आलेला. डोक्यावरची एलईडी ट्यूब बंद करून मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद पांढरा दिवा लावला. तो दिवस-रात्र सारखाच राहतो. डेस्कटॉपवरचं देवाचं चित्र काढून साधी राखाडी पार्श्वभूमी ठेवली आणि फोटोशॉपही राखाडीच केलं. चित्राचं स्थान भिंतीवर झालं.

जोडणी आणि मेनू

मॉनिटर २२ इंची, टीएन या स्वस्त प्रकारच्या पॅनेलचा, जुन्या व्हीजीए केबलवर. मेनूत 'डायनॅमिक' प्रीसेट, ब्राइटनेस १००, रंग 'कूल', डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू, शार्पनेस शेवटच्या टोकाला.

यातलं एकेक का चुकीचं ते सांगणं गरजेचं आहे. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चित्र पाहून पडद्यामागच्या दिव्याची तीव्रता स्वतः बदलतो. काळा कोट असलेला फोटो उघडला की वेगळी, पांढरा मांडव उघडला की वेगळी. अशा मॉनिटरचं कॅलिब्रेशन होऊच शकत नाही, कारण मोजतानाच तो हलत असतो. शार्पनेस वाढवला की मॉनिटर प्रत्येक कडेला स्वतःची पांढरी रेघ जोडतो, फोटो धारदार वाटतो, डिझायनर शार्पनिंग कमी करतो आणि प्रिंट मऊ येते. पुन्हा तीच उलटी चूक. व्हीजीएमध्ये सिग्नल अॅनालॉग असतो. त्याने अक्षरांच्या कडा किंचित पसरतात आणि १०० टक्क्यांवर पाहूनही फोटोचा फोकस ठरवता येत नाही.

व्हीजीए काढून एचडीएमआय लावली, आणि लगेच एक नवा घोळ झाला. काळं करडं दिसू लागलं, सगळा फोटो धुतल्यासारखा. स्टुडिओत केबल खराब म्हणून परत करायची तयारी झाली. केबल ठीक होती. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढीच व्याप्ती पाठवतं. ड्रायव्हरच्या मेनूत आउटपुट फॉरमॅट 'आरजीबी' आणि डायनॅमिक रेंज 'फुल' केल्यावर काळं परत आलं. खात्रीसाठी काळ्यावर ४, ८, १२, १६ आकड्यांचे चौकोन काढून पाहावेत. ८ आणि १२ कसेबसे, पण दिसायला हवेत.

रिझोल्यूशन मॉनिटरचं मूळ, म्हणजे १९२० × १०८०. नाइट लाइट बंद. एचडीआर बंद. ड्रायव्हरमधली रंग भडक करणारी सोय मूळ जागी. मॉनिटर फॅक्टरी रीसेट करून 'यूजर' मोडमध्ये, म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळे हलवता येतील अशा मोडमध्ये ठेवला.

मोजणी

तालुक्यातल्या तीन स्टुडिओंनी मिळून एक कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग आणि उजेड मोजणारं यंत्र, घेतला. एका स्टुडिओला तो महिन्यातून एकदाच, तासाभरासाठी लागतो, त्यामुळे अशी भागीदारी गावाकडे अगदी रास्त आहे. मात्र यंत्र जपायला हवं. त्याच्या आतल्या फिल्टरना ओल बाधते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह, आणि पावसाळ्यात पुडी बदलत राहून. सॉफ्टवेअर यंत्रासोबत येतं. आर्गिल सीएमएस हे मोफत सॉफ्टवेअरही अनेक यंत्रांना चालतं.

आधी जुना मॉनिटर होता तसा, काहीही न बदलता, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट तेवढा बंद करून मोजला होता. निदान लिहून ठेवण्यासाठी ते आवश्यक होतं. पांढऱ्याची तेजस्विता चौरस मीटरला २४३ कँडेला, रंग-तापमान ८६०० केल्विन (आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर), गॅमा, म्हणजे मधले टोन किती गडद दिसतात ते ठरवणारा आकडा, १.९ च्या आसपास. छपाईच्या कामाला ८० ते १२० कँडेला पुरे. एसआरजीबी हे मानक १९९६ साली ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्टने मांडलं, पुढे १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं, आणि त्यात तर पडदा ८० कँडेलाचा धरला आहे. पांढरा ६५०० केल्विनच्या आसपासचा हवा, गॅमा २.२. म्हणजे इथे पडदा दुपटीहून उजळ होता, पांढरा निळ्याकडे झुकलेला होता, आणि गॅमा कमी असल्याने मधले टोन आणखी उचलले गेले होते. चेहरा त्या मधल्या टोनमध्येच राहतो. चेहरे सर्वांत जास्त का काळवंडले याचं कारण हे.

हाच मॉनिटर कॅलिब्रेट करावा का, हा पुढचा प्रश्न. पूर्ण पडद्यावर ११९ चा राखाडी लावून पाहिलं तर वरचा भाग गडद, खालचा उजळ. मान चार बोटं खाली घेतली की दोन्ही बदलत होते. टीएन पॅनेलचा हा स्वभावच आहे. यंत्र मोजतं ते पडद्याला चिकटून, बरोबर समोरून, आणि माणूस बघतो तिरकं. त्यामुळे टीएनवरचं कॅलिब्रेशन डोळ्याच्या एका जागेपुरतं खरं ठरतं. आमचं मत स्पष्ट आहे : ज्याच्या हातून दर महिन्याला लोकांच्या लग्नाचे अल्बम जातात त्याने टीएनवर रंग ठरवू नयेत. २४ इंची आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा), एसआरजीबी जवळपास पूर्ण दाखवणारा मॉनिटर आणला, तोही वरच्याच क्रमाने जोडला, आणि जुना पॅनेल्स व फोल्डर ठेवण्यासाठी शेजारी लावला.

नव्यावर क्रम असा होता. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवला, कारण दिवा तापून स्थिर होईपर्यंत तेजस्विता सरकत राहते. उन्हाळ्यात टिनाखाली खोली चाळिशीला पोचते, तेव्हा मोजणी दुपारच्या काहिलीत न करता ज्या वेळी रोज काम होतं त्या वेळी, कूलर चालू ठेवून करायची. स्क्रीनसेव्हर आणि स्लीप बंद. सॉफ्टवेअरमध्ये दिव्याचा प्रकार 'व्हाइट एलईडी' निवडला. हा प्रकार चुकला तर यंत्र पांढराच चुकीचा वाचतं आणि पुढचं सगळं अचूकपणे चुकतं. पडदा किंचित मागे कलता करून यंत्र मध्यभागी सपाट टेकवलं, त्याच्या वायरवरचं वजन मॉनिटरच्या मागे लोंबतं सोडलं. मागून उजेड शिरू नये म्हणून खोली अंधारी.

कॉन्ट्रास्ट फॅक्टरीच्या जागीच राहू दिला. ब्राइटनेस १०० वरून खाली आणत आणत २४ वर आला तेव्हा १०० कँडेला मिळाले. मग पांढरा. तिन्ही गेन, म्हणजे लाल-हिरवा-निळ्याच्या मेनूतल्या पातळ्या, १०० वर होते. लाल तसाच ठेवून हिरवा ९४ आणि निळा ८७ केल्यावर पांढरा जागेवर बसला. गेन नेहमी खाली आणायचे. गेन उतरवले की तेजस्विताही थोडी पडते, म्हणून ब्राइटनेस पुन्हा दोन घरं वर, २६ वर. एवढं काम मॉनिटरच्या बटणांनीच करायचं असतं. ते न करता सगळं सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते ग्राफिक्स कार्डच्या टेबलमध्ये निळ्याच्या २५६ पायऱ्या कापून पांढरा बनवतं, आणि संध्याकाळच्या आभाळात पट्टे दिसू लागतात.

पुढचं यंत्राचं काम : आधी राखाडीचे टप्पे मोजून कर्व्ह (ग्राफिक्स कार्डवर चढवायची दुरुस्ती), मग पावणेदोनशेच्या आसपास रंगचौकटी मोजून मॉनिटरचं प्रोफाइल. प्रोफाइलच्या नावात मॉनिटर, तारीख आणि कँडेला लिहिले. शेवटी पडताळणी. सरासरी फरक डेल्टा-ई या रंगफरकाच्या मापात ०.९, सर्वांत मोठा २.६, तो गडद निळ्यात. सरासरी दीडच्या आत आणि कमाल तीनच्या आत असेल तर अल्बमच्या कामासाठी पुढे खटपट करण्यात अर्थ नाही. काळ्याची तेजस्विता ०.११, म्हणजे कॉन्ट्रास्ट ९०० : १ च्या वर.

त्यानंतर काय काय बिघडलं

दुसऱ्याच दिवशी स्टुडिओत ब्राइटनेस २६ वरून ७० वर गेलेला सापडला. कॅलिब्रेट केलेली स्क्रीन पहिल्यांदा पाहणाऱ्याला पिवळट आणि मेलेली वाटते, यात नवल नाही. वर्षानुवर्षं निळ्या, झगझगीत पडद्याला सरावलेला डोळा आहे तो. पण बटण हललं की प्रोफाइल रद्द, कारण ते त्याच जागेसाठी बनलेलं असतं. पुन्हा २६ करून मेनू लॉक केला. दोन-तीन दिवसांत डोळा बसतो.

आठवड्याने स्क्रीन हिरवट दिसू लागली. यंत्राचं सॉफ्टवेअर आणि विंडोज दोघेही सुरू होताना कर्व्ह चढवत होते, आणि एकाकडे जुन्या मॉनिटरची फाइल होती. चढवणारा एकच ठेवला. कॉम्प्युटर स्लीपमधून उठला की कर्व्ह कधी गळून पडते, म्हणून कामाला बसताना राखाडी पट्टीची फाइल एकदा उघडून पाहायची.

सगळ्यांत खोल चूक फोटोशॉपमध्ये दडलेली होती. कलर सेटिंग्जमध्ये वर्किंग स्पेस (फोटोचे आकडे ज्या मानकात ठेवायचे ते) म्हणून 'मॉनिटर आरजीबी' निवडलेलं होतं. मॉनिटरचं प्रोफाइल हे पडद्याचं वर्णन असतं, फोटो त्यात ठेवायचा नसतो. तसं केलं की मॉनिटर बदलताच फोटोच्या आकड्यांचा अर्थ बदलतो. तिथे एसआरजीबी केलं, प्रोफाइल नसलेली किंवा वेगळी फाइल आली की विचारावं अशी खूण केली, सेव्ह करताना प्रोफाइल जोडायला सुरुवात केली. दुसऱ्या कॅमेऱ्याची जेपीजी अॅडोब आरजीबी या एसआरजीबीपेक्षा मोठ्या रंगमानकात होती. ती लॅबने एसआरजीबी समजून छापली की रंग फिके पडतात, हिरवा चुडा आणि साड्या विटलेल्या दिसतात. अशा फाइलला 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरायचं. 'असाइन प्रोफाइल' केलं तर आकडे तेच राहून रंग बदलतो.

आणि कॅलिब्रेशनच्या आवाक्याबाहेरची एक गोष्ट : झेंडू आणि हळद. भर उन्हातल्या झेंडूत लाल चॅनेल २५५ ला जाऊन टेकतो, निळा शून्याला. पाकळ्या संपतात आणि नारिंगी गोळा उरतो. उत्तम मॉनिटरवरही तो गोळाच दिसेल. रॉ फाइलमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न झालेल्या मूळ फाइलमध्येच, पिवळ्या-नारिंगीची तीव्रता थोडी कमी करून, हिस्टोग्राम (आकड्यांच्या वाटपाचा आलेख) प्रत्येक चॅनेलचा वेगळा पाहून ते सोडवावं लागतं.

यंत्र हाताशी नसेल तर

गावोगावच्या सगळ्या स्टुडिओंना यंत्र मिळेलच असं नाही. तेव्हा प्रीसेट 'एसआरजीबी' किंवा '६५०० के' ठेवावा, वर सांगितलेल्या सगळ्या सोयी बंद कराव्यात आणि तेजस्विता कागदाने जुळवावी. लॅबच्या मॅट पेपरचा कोरा तुकडा चांगल्या उजेडात मॉनिटरशेजारी धरायचा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं आणि दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवायचा. बहुतेक मॉनिटरवर तो २० ते ४० च्या दरम्यान येऊन थांबतो. विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' नावाची सोय आहे, तिच्यातली गॅमाची पायरी उपयोगी आहे. राखाडी जुळवण्याची पायरी मात्र डोळ्याने करू नये. डोळा मिनिटभरात कोणत्याही पांढऱ्याला पांढरं मानून घेतो. मग लॅबकडून छापून आणलेली चाचणी-प्रिंट आणि इन्फो पॅनेलमधले आकडे यांच्यावर भर द्यायचा : पांढऱ्या कापडात तिन्ही आकडे जवळपास सारखे, चेहऱ्यात लाल सर्वांत मोठा, मग हिरवा, मग निळा.

अल्बमची दुरुस्ती

जुन्या कर्व्ह लेयर सगळ्या काढून टाकल्या. त्यांच्यावरून नव्याने दुरुस्ती करणं म्हणजे चुकीवर चूक चढवणं, म्हणून प्रत्येक फोटो मूळ रॉपासून पुन्हा केला. लॅबने आपल्या कागदाचं प्रोफाइल पाठवलं होतं. ते फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये, म्हणजे छपाई कशी येईल ते पडद्यावर दाखवणाऱ्या सोयीत, लावलं : 'प्रिझर्व्ह नंबर्स' बंद, रेंडरिंग 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक', ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू. निळ्या कोटाच्या घड्या त्यात कुठे बुडतात ते छापण्याआधीच दिसलं आणि तेवढाच भाग उचलता आला.

अशा अल्बमच्या शीट पाठीला पाठ चिकटवलेल्या असतात, मधलीच बदलता येत नाही. पूर्ण अल्बम नव्याने छापावा लागणार होता. म्हणून आधी एकच चाचणी-शीट छापली : १२ × ३६ इंच, ३०० डीपीआयला १०८०० × ३६०० पिक्सेल. तिच्यात सहा वेगवेगळ्या शीटमधून सहा इंच रुंदीच्या सहा पट्ट्या उभ्या शेजारी लावल्या. हळद, आंतरपाट, शालू, निळा कोट, रात्रीची वरात, घरच्यांचा ग्रुप. एका शीटच्या खर्चात सगळ्या अल्बमची कल्पना येते. लॅमिनेशनही अंतिम अल्बमचंच, मॅट, घेतलं. मॅट लॅमिनेशन काळं किंचित उचलतं, म्हणून साध्या प्रिंटवरून त्याचा अंदाज बांधू नये. 'करेक्शन करू नये' ही सूचना ऑर्डरवर पुन्हा लिहिली.

चाचणी-शीट आल्यावर ग्राहकाला शालू घेऊन बोलावलं. सकाळी दहाला ओसरीच्या सावलीत शालूचा पदर शीटवर ठेवला. वांगी रंग जुळला, नाममात्र जास्त निळा होता, तो एका पायरीने कमी केला. त्याच दिवशी संध्याकाळी दुकानातल्या स्वस्त एलईडी ट्यूबखाली तोच पदर आणि तीच शीट पुन्हा पाहिली तेव्हा पदर तपकिरीकडे झुकला होता, शीट तिथेच होती. रेशमावरचा रंग आणि फोटो-कागदावरचा रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे. एका उजेडात ते सारखे दिसतात, दुसऱ्यात फुटतात. मॉनिटरला यात काही करता येत नाही. दुकानाच्या काउंटरवर ५००० केल्विनचा, ९० च्या वर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचं माप) असलेला एक दिवा बसवला आणि छापून आलेला अल्बम ग्राहकाच्या हाती त्याच दिव्याखाली दिला.